गल्लीतल्या कपड्यांचे आयुष्य वाढवणारा गट मराठवाड्यात कसा उभा करावा

मराठवाड्यातल्या जवळपास कोणत्याही घरातली लोखंडी पेटी उघडली, तर लग्नकार्यात आहेर म्हणून आलेल्या आणि एकदाही घडी न मोडलेल्या साड्या, ब्लाउजपिसांची चवड आणि टॉवेल-टोप्यांचा गठ्ठा हमखास सापडतो. त्याच घरातले रोजचे कपडे मात्र वर्षभरात विटतात, उसवतात आणि बटण तुटले किंवा चेन बिघडली एवढ्याशा कारणाने बोहारणीच्या गाठोड्यात जातात. न वापरलेले साठत राहते आणि वापरातले लवकर संपते, ही आपल्या घरांतली खरी अडचण आहे, आणि शाश्वत फॅशनचा विचार आपल्याकडे करायचा तर तो या पेटीपासूनच सुरू करावा लागतो. एकट्या घराला ही अडचण सोडवता येत नाही, कारण आहेराची देवघेव एका घराने थांबत नाही, मुलाचा लहान झालेला गणवेश कोणाला बसेल हे एका घराला कळत नाही आणि दोन शर्टांच्या दुरुस्तीसाठी टेलर दुकानातले काम बाजूला ठेवत नाही. म्हणून गट लागतो. लातूरच्या एका वसाहतीत आम्ही काही जणींनी आणि दोन-तीन पुरुषांनी मिळून असा गट उभा केला. तो चालवताना जे उमगले आणि जे चुकले ते पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिल्या बैठकीत सांगण्यासारखी एक गोष्ट आधी नोंदवते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. त्या गाडीच्या एका वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर पाणी मावत असे. एक सुती टी-शर्ट तयार होताना, कापसाच्या शेतापासून रंगाईपर्यंत, सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा जगभरच्या सरासरीवरून काढलेला अंदाज आहे. म्हणजे एक अख्खी वाघीण रिकामी केली, तरी तिच्या पाण्यात जेमतेम अठरा टी-शर्ट होतात. आपल्याकडचा बराचसा कापूस कोरडवाहू असल्याने या पाण्यातला मोठा वाटा पावसाचा असतो हे खरे आहे, परंतु मृगाच्या सरीची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावणाऱ्या मुलखात पावसाचे पाणी फुकटचे समजण्याची सोय नाही. हा हिशेब सांगितल्यावर आमच्या बैठकीत पर्यावरणावर वेगळे भाषण करण्याची गरज पडली नाही.

आधी माणसे शोधावीत

गटाची सुरुवात फलक लावून किंवा नाव ठरवून करू नये. आठ-दहा माणसे पुरेशी असतात, मात्र ती नेमकी निवडलेली असावीत. शहरात शिकून आलेल्या, या विषयावर वाचन असलेल्या तरुण मुली उत्साहाने पुढे येतात आणि त्या हव्याच असतात, पण गट टिकतो तो हातात कसब असलेल्या माणसांमुळे. आपल्या गल्लीत वाकळ शिवणारी आजी कोण, रफू करणारे चाचा कुठे बसतात, पिको-फॉल करणारी ताई कोणती, जुन्या साडीचा परकर-पोलका शिवून देणारी मावशी कोणाच्या घरी राहते, याची यादी आधी करावी आणि त्या प्रत्येकाच्या घरी स्वतः जाऊन बोलावे. या लोकांना बैठकीचा निरोप धाडला तर ते येत नाहीत, कारण आपल्याला काही येते असे त्यांना वाटतच नाही. “मावशी, तुमच्याकडून शिकायचं आहे,” असे घरी जाऊन म्हटले की त्या येतात, आणि पुढच्या वेळी शेजारणीलाही घेऊन येतात.

टेलरचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सुरुवातीलाच नीट हाताळावा लागतो. गटाने दुरुस्ती फुकट करून द्यायला सुरुवात केली, तर ज्याचे पोट त्यावर चालते त्याच्याच पोटावर पाय येतो. म्हणून आमच्या गटात पहिल्या महिन्यापासून असा नियम आहे की, हाताने होणारी कामे, म्हणजे बटण, हुक, तुरपाई, लहानसे रफू आणि ठिगळ, एकमेकांना शिकवून करायची, आणि मशीनवर होणारे काम एकत्र जमा करून ठरलेल्या दराने टेलरकाकांना द्यायचे. त्यांना एकेकटा सुटा कपडा परवडत नाही, पण वीस कपडे एकदम गेले तर दोन दुपारींचे काम मिळते. शाळा उघडताना, दिवाळीला आणि लग्नसराईत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, तर पेरणीनंतरच्या दोन महिन्यांत, लोकांचा पैसा रानात अडकलेला असताना, मशीन बंद असते. गटाने आपले काम त्या मोकळ्या महिन्यांत द्यावे, म्हणजे दोघांचीही सोय होते.

खेड्यात हा गट नव्याने बांधण्यापेक्षा आधीच्या महिला बचत गटाच्या आधाराने उभा करणे मला अधिक योग्य वाटते. ‘उमेद’ अभियानातले किंवा १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाशी जोडलेले गट बहुतेक गावांत आहेत, त्यांच्या बैठकीचा दिवस ठरलेला असतो, त्यांच्याकडे वही असते आणि एकमेकींवरचा विश्वास असतो. त्या बैठकीनंतरचा एक तास कपड्यांसाठी मागून घेतला तरी सुरुवात होते.

जागा आणि वेळ

जागा निवडताना भाड्याचा विचार सर्वात शेवटी करावा. गावातल्या प्रत्येक वस्तीतली बाई जिथे न विचारता, न बिचकता येऊन बसू शकेल, ती जागा योग्य. मंदिराचा सभामंडप ऐसपैस आणि थंड असतो, परंतु तिथे सगळ्यांना सारखेच मोकळे वाटेल असे नाही. जिल्हा परिषद शाळेची खोली, अंगणवाडी, सार्वजनिक वाचनालय किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह अधिक बरे. उजेड खिडकीतून यावा, कारण सुईत दोरा ओवताना वीज गेली की काम तिथेच थांबते.

वेळ ठरवताना गावाचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवावे. बीड जिल्ह्यातल्या आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या अनेक गावांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा गावात हिवाळ्यात ठेवलेल्या कार्यक्रमाला घरी राहिलेली म्हातारी माणसे आणि मुलेच येणार. कापूसवेचणीच्या दिवसांत दुपारी कोणी घरी नसते. त्यामुळे महिन्यातला एक दिवस, शक्यतो आठवडी बाजाराचा वार सोडून, आणि वेचणीच्या काळात संध्याकाळची वेळ, एवढे ठरवून तो दिवस वर्षभर बदलू नये.

पहिले काम दुरुस्तीचे

पहिले तीन महिने केवळ दुरुस्ती करावी, कारण दुरुस्तीत कोणाचा मान दुखावत नाही. आपला कपडा आपण घेऊन यायचा, आपणच बसून नीट करायचा आणि आपणच घेऊन जायचा. साहित्य फार लागत नाही: वेगवेगळ्या जाडीच्या सुया, पांढरा, काळा, खाकी आणि निळा दोरा, उसवण्याची बारीक कात्री, टाचण्या, मेजपट्टी, बटणांचा डबा आणि जुन्या जीन्सचे कापलेले पाय. बटणे विकत आणावी लागत नाहीत, कारण पायपुसणे होणाऱ्या प्रत्येक शर्टाची बटणे काढून डब्यात टाकायची सवय लावली की वर्षभर पुरतात.

पुरुषांना गटात आणायचे असेल तर कॉलरपासून सुरुवात करावी, हे मी अनुभवाने सांगते. शर्टाचे बाकी कापड धडधाकट असते, पण कॉलरची घडी मानेला घासून विरते आणि शर्ट टाकून दिला जातो. जुने टेलर अशी कॉलर उलटवून देतात. कॉलर जिथे पट्टीला जोडलेली असते तिथली टीप काळजीपूर्वक उसवायची, कॉलर सुटी करून पलटी मारायची, म्हणजे विरलेली बाजू खाली जाऊन आतली कोरी बाजू वर येते, आणि मग दोन्ही टोके मध्यापासून सारख्या अंतरावर टाचून पुन्हा त्याच जागी टीप मारायची. आमच्या टेलरकाकांनी पहिल्यांदा हे करून दाखवले तेव्हा समोर बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी तो शर्ट हातात घेऊन उजेडात दोनदा उलटसुलट केला, आणि पुढच्या महिन्यात ते स्वतःचे सहा शर्ट पिशवीत घालून घेऊन आले.

लहान मुलांच्या कपड्यांबाबत एक गोष्ट सगळ्यांना शिकवावी. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात त्याला आपले शिंपी ‘माया’ म्हणतात. तयार कपड्यांत ती जेमतेम असते, शिवून घेतलेल्या कपड्यांत मात्र सांगितल्यास दीड-दोन इंच ठेवता येते. फ्रॉकच्या घेराला, पँटच्या तळाला आणि बाजूच्या शिवणीला माया ठेवून घेतली, तर मूल वाढले तरी कपडा आणखी दोन वर्षे चालतो. टेलरकडे माप देताना “माया जास्त ठेवा” हे तीन शब्द सांगायला विसरू नये.

या कामासाठी वर्षातला एक काळ मला फार मोलाचा वाटतो, तो म्हणजे पितृपंधरवडा. या पंधरा दिवसांत आपल्याकडे नवे कापड खरेदी करत नाहीत, आणि त्यानंतर लगेच नवरात्र, दसरा व दिवाळीची खरेदी सुरू होते. आम्ही या पंधरवड्यात रोज दोन तास दुरुस्तीची बैठक ठेवतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला घरातले कपाट पूर्ण उपसून पाहायला सांगतो. दसऱ्याला दुकानात जाण्याआधी घरात काय आहे आणि त्यातले काय नीट होऊ शकते हे माहीत असले, की खरेदीची यादी आपोआप अर्ध्यावर येते.

अदलाबदल आणि ‘उतरलेले कपडे’

आमची सर्वात मोठी चूक अदलाबदलीत झाली. पहिल्या वेळी आम्ही उत्साहाने सगळ्या घरांतून कपडे मागवले, शाळेच्या व्हरांड्यात ताडपत्री अंथरून त्यावर ढीग घातला आणि ज्याला जे हवे ते न्यावे असे सांगितले. साठ-सत्तर माणसे येऊन गेली, पण ढिगाला कोणी हात लावेना. शेवटी झाडलोटीला येणाऱ्या मावशींना मी एक चांगली साडी पुढे करून घ्या म्हटले, तर त्या म्हणाल्या, “कुणाचं उतरलेलं मी घालत नसते बाई.” त्या रागावल्या नव्हत्या, अगदी शांतपणे बोलल्या, आणि त्यांचे बरोबर होते.

‘उतरलेले कपडे’ या शब्दामागे आपल्याकडे मोठा इतिहास आहे. पाडव्याला साल ठरवताना सालगड्याच्या मोबदल्यात कपडालत्ता धरला जाई, आणि त्यातला बराचसा मालकाच्या घरातला उतरलेला असे. कोणी कोणाचे उतरलेले घालायचे हे जातीने आणि हैसियतीने ठरलेले होते. ज्यांच्या आईवडिलांनी ते अंगावर वागवले, त्यांना जुना कपडा पर्यावरणासाठी चांगला असतो असे सांगणे ही अडाणीपणाची गोष्ट आहे. म्हणून अदलाबदल करणाऱ्या प्रत्येक गटाने एक गोष्ट मनाशी पक्की करावी: इथे दान नाही. प्रत्येकाने काहीतरी आणायचे आणि प्रत्येकाने काहीतरी न्यायचे. ज्या घरांनी भरपूर दिले पण काहीच नेले नाही, ती घरे देणारी ठरतात आणि बाकीची घेणारी, आणि ही विभागणी झाली की दुसऱ्या खेपेला कोणी येत नाही. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी आणि सरपंचबाईंनी जाताना हातात निदान एक कपडा न्यावा आणि पुढच्या बैठकीला तो घालून यावा, असा आमचा आग्रह असतो.

दुसऱ्या खेपेपासून आम्ही मांडणी पूर्ण बदलली. आता प्रत्येक कपडा धुऊन, इस्त्री करून यावा लागतो, आणि दोऱ्या बांधून त्यावर हँगरला लावला जातो. साड्या रंगांप्रमाणे लावतात, मुलांचे कपडे वयाप्रमाणे. एका कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून पाहण्याची सोय असते आणि तिथे उंचीएवढा आरसा असतो. आरशाचे महत्त्व मी कितीही सांगितले तरी कमीच आहे, कारण आरशासमोर उभी राहिलेली बाई कपडा निवडत असते, ती मदत घेत नसते. पडद्याजवळच टाचण्या आणि सुईदोरा घेऊन एक जण बसते, म्हणजे ब्लाउज एक इंच सैल असला तर तिथल्या तिथे टीप घालून मिळते.

आणलेल्या प्रत्येक कपड्याबद्दल एक चिठ्ठी मिळते आणि त्या चिठ्ठीवर एक कपडा नेता येतो. जरीची साडी आणि रोजचा टी-शर्ट यांचा हिशेब एक ठेवू नये. रोजच्या वापराला पांढरी आणि ठेवणीतल्या कपड्यांना पिवळी चिठ्ठी असे दोन रंग पुरतात. अंतर्वस्त्रे, मोजे आणि डाग पडलेले किंवा विटलेले कपडे घ्यायचे नाहीत. मृत व्यक्तीचे कपडे कुटुंबाने स्वतःहून सांगून दिले तरच घ्यावेत आणि ते नेणाऱ्याला तसे आधी सांगावे, कारण याबद्दल अनेकांच्या मनात दृढ भावना असतात आणि त्या लपवाछपवीने दुखावणे योग्य नाही.

आणखी एक अडचण केवळ लहान गावांतच येते. मुंबई-पुण्यात कोणाचा कपडा कोणी ओळखत नाही, पण आपल्याकडे साडी पाहताच ती कोणाच्या सुनेची आणि कोणत्या बारशाला नेसली होती हे चारचौघांत सांगणारे निघतात. यावर आम्ही काढलेला उपाय असा की, दोन लांबच्या वसाहतींच्या गटांनी आपसांत कपडे बदलावेत. आमच्याकडे जमलेले कपडे त्यांच्या दोरीवर लागतात आणि त्यांचे आमच्या. तालुक्याच्या गावी दोन गट नसतील तर शेजारच्या तालुक्यातल्या नातेवाइकांना सांगून तिथे दुसरा गट सुरू करावा. हे ऐकायला खटाटोपाचे वाटेल, परंतु एवढ्या एका बदलाने आमच्याकडे नेल्या जाणाऱ्या कपड्यांची संख्या कितीतरी वाढली.

शाळेच्या गणवेशांना मात्र ही सगळी अडचण येत नाही, कारण गणवेश सगळ्यांचा सारखाच असतो आणि त्यावर कोणाची ओळख नसते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शाळानिहाय दोऱ्या बांधून गणवेशांची अदलाबदल ठेवावी. ज्या गटाला सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल त्याने इथून करावी.

डाग पडलेला पांढरा शर्ट आणि डाळिंबाच्या साली

मळखाऊ नसलेले, चहाचे किंवा लोणच्याचे डाग पडलेले सुती कपडे रंगवून पुन्हा वापरात आणता येतात, आणि तरुण मुलांना या कामाची सर्वाधिक गोडी लागते. आपल्या भागात डाळिंबाच्या बागा आहेत आणि रसवाल्याकडे साली पोत्याने पडलेल्या असतात, त्यामुळे सुरुवात त्यांनीच करावी. अर्धा किलो वजनाच्या सुती कपड्यांसाठी साधारण अर्धा किलो वाळलेल्या साली रात्रभर पाण्यात भिजत घालाव्यात. कपडे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातली खळ आणि तेलकटपणा काढून टाकावा, नाहीतर रंग ठिकठिकाणी डबक्यासारखा बसतो. ७५ ग्रॅम तुरटी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग भरपूर पाण्यात मिसळावी आणि त्यात कपडे काही तास बुडवून ठेवावेत. साली तासभर उकळून पाणी गाळून घ्यावे, त्यात तुरटीतले कपडे पिळून सोडावेत आणि मंद आचेवर तासभर हलवत राहावे. मळकट पिवळ्यापासून गव्हाळ रंगापर्यंत छटा येतात. गंजलेले खिळे आठ-दहा दिवस पाण्यात ठेवून केलेले लोहपाणी थोडेसे घातले तर तोच रंग करड्या-हिरव्यावर जातो, मात्र ते बेताने वापरावे, जास्त झाल्यास कापड कमजोर होते. हळदीचा रंग पहिल्या दिवशी झळकतो पण उन्हात टिकत नाही, म्हणून मी तो वापरायला सांगत नाही. रंगाची भांडी स्वयंपाकासाठी पुन्हा वापरू नयेत. पॉलिस्टरवर यातला कोणताच रंग चढत नाही, त्यामुळे आधी कापड ओळखावे. शिवणीतून एक दोरा काढून काडीने जाळून पाहावा: सुती दोरा कागदासारखा वास देऊन भुरभुरीत राख होतो, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

पहिल्या रंगाईच्या वेळी जाणकार माणूस जवळ असावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात वस्त्रशास्त्र शिकवले जाते, आणि अशा ठिकाणी रीतसर पत्र देऊन मार्गदर्शन मागण्यात संकोच करू नये.

आहेराचा ठराव

गट वर्षभर चालला आणि लोकांचा त्यावर विश्वास बसला, की मग आहेराला हात घालावा. त्याआधी घालू नये, कारण हा मानपानाचा विषय आहे आणि नव्या गटाने तो काढला तर गट मोडतो. पत्रिकेवर ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असे छापूनही मंडपात साड्या वाटल्या जातात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सगळे एकदम बंद करण्याऐवजी आम्ही तीन लहान गोष्टी ठरवल्या. गटातल्या घरांनी एकमेकांना टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस द्यायचे नाही, त्याऐवजी नारळ आणि फूल द्यायचे. साडी द्यायचीच असेल तर जिला द्यायची तिला आधी विचारून, ती नेसेल अशीच द्यायची. आणि घरात पडून असलेल्या कोऱ्या आहेराच्या साड्या गटाच्या पिवळ्या चिठ्ठीत आणायच्या, जेणेकरून ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना नवी खरेदी करावी लागणार नाही. ठराव घरातल्या ज्येष्ठ बाईच्या तोंडून मांडला जावा. सुनेने मांडला तर तो कंजूषपणा ठरतो, सासूने मांडला की तो शहाणपणा ठरतो. हे बरे नाही, पण आज तसे आहे.

नवे घ्यायचे तेव्हा

नवे कापड कधीच घेऊ नये असे म्हणणारा गट फार दिवस चालत नाही, आणि तसे म्हणणे न्याय्यही नाही, कारण आपल्या परिसरात विणकरांची पोटे त्यावर आहेत. गरज असलेले कापड गटाने एकत्र घ्यावे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते आणि त्यासाठीची खादी उदगीरला विणली जाते, हे आपल्याच भागातल्या अनेकांना माहीत नसते. गटातल्या दहा घरांनी मिळून खादीचा एक तागा घेतला, तो कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून आटवून घेतला आणि टेलरकाकांकडून एकदम कापून घेतला, तर चिंध्या कमी निघतात आणि शिलाईही स्वस्त पडते. आपल्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात असे कापड अंगाला किती सुखाचे असते हे सांगायला नको.

पैठणीसारखे वस्त्र घरात पिढ्यान्‌पिढ्या राहते, म्हणून ते घेताना घाई करू नये. पैठण आणि येवल्याच्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हातमागावरच्या पैठणीचा पदर आणि काठ उलट बाजूनेही जवळजवळ सुलट बाजूसारखेच दिसतात. मागे मोकळे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ती यंत्रावरची समजावी. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र विणलेले असते आणि ते विणणारे हात आता थोडेच उरले आहेत. ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन आहे. त्या दिवशी गटाने एखाद्या विणकराच्या घरी जाऊन माग चालताना पाहावा, आणि जाताना काहीतरी मागणी नोंदवून यावी. घरातली जुनी पैठणी असेल तर ती मऊ सुती कापडात गुंडाळावी, दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे जरीची तार एकाच ठिकाणी मोडत नाही.

वही आणि शेवटी उरलेल्या चिंध्या

गटाचा हिशेब एका वहीत लिहावा आणि ती वही कोणालाही पाहायला मोकळी असावी. किती माणसे आली, किती कपडे दुरुस्त झाले, टेलरकाकांना किती पैसे दिले, कोणाकडे किती दोरा आहे, एवढे पुरते. नोंदणी, पदाधिकारी, शिक्का यांच्या मागे पहिल्या दोन वर्षांत लागू नये. महिन्याला प्रत्येक घराने वीस रुपये दिले तरी सुया-दोरा आणि चहा निघतो.

दुरुस्त न होणारे आणि कोणी न नेणारे कपडे प्रत्येक बैठकीनंतर उरतात, आणि त्यांचे काय करायचे हे आधी ठरले नसेल तर ते कोणाच्या तरी घराच्या माळ्यावर सडतात. सुती आणि पॉलिस्टर वेगळे करावे. पॉलिस्टरच्या जाड कपड्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवाव्यात. ते बंबात किंवा चुलीत जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. सुती कपड्यांची वाकळ करावी, आणि हे काम आजींच्या हाताखाली करावे. वरच्या आणि खालच्या थराला जुने इरकली लुगडे किंवा धोतर सर्वात चांगले, कारण अनेकदा धुऊन ते लोण्यासारखे मऊ झालेले असते. आतल्या थरांत शर्टाचे, चादरीचे सपाट तुकडे कडेला कड लावून पसरावेत, एकावर एक चढवू नयेत, नाहीतर झोपताना गाठी टोचतात. चारही कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे किंवा विटा ठेवून थर ताणून घ्यावेत, लांब लांब कच्चे टाके घालून सगळे एकत्र धरावे, आणि मग दोघीतिघींनी समोरासमोर बसून कडेपासून आत आत धावदोरा घालत यावे. मधूनच सुरुवात केली तर कापड कडेला गोळा होते. एका वाकळीला तीन-चार दुपारी लागतात. तयार झाल्यावर पक्के टाके राहू देऊन कच्चे टाके काढून टाकावेत, वाकळ गार पाण्यात धुवावी आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी एकेक दिवस वाळवून मगच अंगावर घ्यावी.